दुसऱ्या फेरीतला डावा हूक

मासान
८ ऑक्टोबर २०१२

ग्वांगसिक,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी परत घेतलेले नाहीत. गुडघे सोडले तर माझी तब्येत ठणठणीत आहे. सूनबाईने पाठवलेली खारवलेल्या कोळंबीची बरणी पोचली. म्योंगजाला सांग, मीठ थोडं जास्त झालंय, पण म्हाताऱ्याची आठवण ठेवली हे बरं वाटलं.

सहा वर्षांनी पत्र लिहितोस आणि पहिल्याच ओळीत "वस्ताद, राग गेला का?" असं विचारतोस! अरे, राग काय पाहुणा आहे, चहा पिऊन उठून जायला? तुझ्या आईच्या मयतीला लोक रस्साभात खात बसले होते आणि मी सगळ्यांसमोर तुला "पिंजऱ्यातलं माकड" म्हणालो. ते बोलायला नको होतं. जागा चुकली. शब्द चुकला असं अजूनही वाटत नाही.

तर तुझी नवी तालीम. तीन मजले, झुंजीसाठी लोखंडी जाळीचे दोन पिंजरे, गरम पाण्याच्या अंघोळीची सोय. वाचून धन्य झालो. आमच्या तालमीत अंघोळीला खालच्या तेलवाल्याकडून बादली मागून आणावी लागायची. तू आणलीस की त्यात तिळाचा तवंग असायचा आणि मग दिवसभर सगळी पोरं तळलेल्या भज्यांसारखी घमघमायची. आता सरकारने आपलं मासानसुद्धा तुमच्या चांगवोनमध्ये मिसळून टाकलं. म्हणजे पत्त्यावरही तूच जिंकलास.

आणि माझ्याकडून काय हवंय, तर चार नोव्हेंबरला मी व्यासपीठावर बसायचं, फीत कापायची आणि तुझ्या पोरांना दहा मिनिटं सांगायचं, की बॉक्सिंग एके काळी एवढं वर का गेलं आणि आज एवढं खाली का आलं. वा रे वा! म्हणजे लग्न तुमचं आणि मयताचं भाषण मी करायचं.

येणार नाही. पण भाषण लिहून पाठवतो, कोणाकडून तरी वाचून घे.

वर का गेलं? पोट रिकामं होतं म्हणून. तू चौदा वर्षांचा असताना आलास तेव्हा तुझ्या पायात आईचे रबरी बूट होते, मच्छीबाजारातले, माशांच्या खवल्यांनी भरलेले. बेसबॉलला बॅट लागते, मैदान लागतं. बॉक्सिंगला दोन मुठी लागतात, त्या सगळ्यांकडे असतात. सगळ्या गल्लीत एक टीव्ही, तोही चहाच्या दुकानात. आपला कोणी जपान्याशी लढत असला की दुकानवाला दाराला कडी लावून घ्यायचा, कारण आत पाय ठेवायला जागा नसायची. जिंकून आलेल्याला उघड्या जीपमधून मिरवायचे. सूतगिरणीतल्या पोरी आपले जेवणाचे डबे तुम्हा पोरांना द्यायच्या आणि स्वतः उपाशी राहायच्या. कराटेवाले होते, कुस्तीवाले होते, तायक्वांदो तर घरोघरी होतं. पण पोट भरायची वाट म्हणून पोरगं यायचं ते आमच्याच जिन्याने.

खाली का आलं? कारणं हवी तेवढी. ब्याऐंशी साली बेसबॉलचे व्यावसायिक सामने सुरू झाले. बाप पोराला खांद्यावर बसवून मैदानात न्यायला लागला, तिथे तळलेली कोंबडी मिळते, रक्त उडत नाही. त्याच वर्षी आपला एक बॉक्सर अमेरिकेत रिंगणात पडला तो उठलाच नाही, आणि आयांनी पोरांचे ग्लोव्ह्ज चुलीत घातले. मग संघटनांची पिलावळ. एकाच वजनाचे चार विजेते, चार पट्टे. विचारलं की यातला खरा कोण, तर चौघेही हात वर करणार. पंच आपल्या गावच्याला जिंकवणार. पुढे लोकांची पोटं भरली. भरल्या पोटी नाक कोण फोडून घेतो? पोरं इंग्रजीच्या शिकवणीला गेली. आणि शेवटी आला तुमचा पिंजरा. लाथा घ्या, गळा दाबा, जमिनीवर लोळा, बघणाऱ्याला सगळं एकाच ताटात.

माझ्या तालमीत सध्या नऊ माणसं आहेत. त्यातली सात वजन उतरवायला येतात. एक औषधाच्या दुकानातली बाई आहे, मुठी चांगल्या आहेत तिच्या, पण परवा म्हणते, "वस्ताद, नाकाला हात लावायचा नाही हं. मागच्याच महिन्यात नवीन करून घेतलंय." आता बोल! ज्या रिंगणात पोरांनी नाकं मोडून घेतली तिथे मी आता नवीन नाकं सांभाळतो.

असो. झालं भाषण.

आणि हो, तू लिहिलंयस की दारासमोरच्या भिंतीवर चौऱ्याऐंशीच्या सामन्याचा तो फोटो मोठा करून लावणार आहेस. लावू नकोस. जुने फोटो मोठे केले की फुटतात, चेहरे ओळखू येत नाहीत. तुझा हल्लीचा एखादा लाव. नाहीतर आईचा लाव. तिने काय कमी केलं?

गुडघ्यांमुळे येणं होणार नाही, हे पक्कं समज.

सोक मानसू

*

मासान
२३ ऑक्टोबर २०१२

ग्वांगसिक,

तुझं पाकीट काल आलं. पत्रिका छान छापली आहेस. माझं नाव तुझ्याही वर, सोनेरी अक्षरात. "येणार नाही" असं कुठल्याही भाषेत सांगितलं तरी तुला कळत नाही, हे मला छत्तीस वर्षांपासून माहीत आहे.

आणि पत्रिकेबरोबर त्या फोटोची प्रत. फुटला नाही रे. चांगला स्वच्छ मोठा झालाय. तुझा डावा हात वळून आलेला, तो माणूस मागे कोसळतोय, मागच्या रांगेत तोंड उघडं टाकलेली माणसं. खाली छापलंयस, "दुसऱ्या फेरीतला डावा हूक. मासान, १९८४."

तू लिहितोस, "वस्ताद, तुमची कारणं सगळी बरोबर आहेत, पण पोरांना ती नकोत. त्यांना या ठोशाची गोष्ट सांगा. मी रोज त्यांच्याकडून शंभर हूक मारून घेतो. आमच्या तालमीचा हाच ठोसा. एक डोळा गेला माझा, पण हा हात कोणी नेला नाही."

ते वाक्य वाचलं आणि मी सकाळपासून जेवलो नाही. औषधवाली बाई आली होती, तिला परत पाठवलं. आता जे लिहितोय ते बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

मागच्या पत्रात दिलेली सगळी कारणं खरी आहेत. त्यात एक गाळलं. ते मी आजवर सगळ्यांपासून गाळत आलो.

तुला आठवतं, रविवार होता, दुपारचा सामना, टीव्हीवर थेट दाखवणार होते. ‘पूर्व समुद्र’ विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी मनिलाहून एडी मारासिगान येणार होता. चोवीस सामने, एकवीस जिंकलेला. भिंतीभिंतीवर त्याचं नाव रंगवलं होतं. सामन्याआधी एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या खोलीत जातो, हातांना पट्ट्या बांधताना बघतो आणि चिकटपट्टीवर सही करतो, म्हणजे आत काही लपवलेलं नाही याची साक्ष. तुला मी खोलीत बसवून ठेवलं आणि तिकडे गेलो.

खोलीत दोन माणसं होती. एक सोन्याच्या घड्याळवाला दलाल, कोटाच्या खिशात कंगवा. आणि खुर्चीवर तो. पट्ट्यांची गुंडाळी हातात घेऊन नुसता बसला होता. दलाल म्हणाला, "यांचा प्रशिक्षक आजारी पडला, तुम्हीच बांधा ना." दुसऱ्याच्या लढवय्याचे हात मी कधी बांधले नव्हते. कोणीच बांधत नाही. तरी बांधायला बसलो.

ग्वांगसिक, मी आयुष्यात हजार पोरांचे हात बांधलेत. हात हातात घेतला की मला कळतं कोणी सरावाची किती पोती फोडली आहेत. त्याच्या बोटांची पेरं मऊ होती. मनगटापासून कोपरापर्यंत उकळत्या तेलाचे डाग होते, जुने, नवे, एक तर अजून ओला. अंगठा कुठे ठेवायचा हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. मी विचारलं, नाव काय? छातीवर हात ठेवून हसत म्हणाला, "नेस्तोर." दलालाने त्याच्या खांद्याला असा चिमटा काढला की तो दचकला आणि लगेच म्हणाला, "एडी, एडी." मग मी खुणेनेच विचारलं, काम काय करतोस? त्याने कढईत पळी फिरवल्यासारखा हात फिरवला. बंदरात लागलेल्या जहाजावरचा आचारी होता तो. थोडंफार गावातल्या जत्रेत लढला असेल पोरवयात. बस.

मी बाहेर आलो आणि आयोजकाला, त्या थाकला, कोपऱ्यात गाठलं. म्हणालो, "हा तो नव्हे." तो म्हणाला, "तो आलाच नाही. सभागृह भरलंय, टीव्हीवाले बसलेत. आणि मानसू, तुझा पोरगा हरावा असं वाटतंय का तुला?"

परत खोलीत गेलो आणि त्या नेस्तोरच्या पट्ट्यांवर सही केली. पेन चालत नव्हतं, दोनदा गिरवली.

जबरदस्ती झाली असं लिहायचं मनात होतं. लिहिलं होतंही, ते खोडलं. मलाच हवं होतं ते. बावीस वर्षं मी इतरांची पोरं जीपमधून जाताना बघत होतो. मला माझं पोरगं जीपमध्ये बघायचं होतं, आणि त्याच्या शेजारी मी.

तुझा हूक चांगला होता रे. खोटं नाही सांगत. पण त्या हुकाने मारासिगान पडला नसता. तो आचारी पडला. जीपमध्ये तुझी आई आपल्यामध्ये बसली होती, तिच्या अंगाला माशांचा वास येत होता आणि ती सगळ्या गावाला नमस्कार करत होती.

इथवर थाकचं पाप, दलालाचं पाप, अर्धं माझं. पुढचं सगळं माझं.

पाच महिन्यांनी ओसाका. तिथला माणूस खरा होता. मला माहीत होतं तू तयार नाहीस. अजून दोन वर्षं हवी होती. पण "तू तयार नाहीस" असं म्हणालो असतो, तर तू विचारलं असतंस, "का? मारासिगानला दुसऱ्या फेरीत झोपवला ना मी?" मग काय सांगितलं असतं? म्हणून नेलं. तिसऱ्या फेरीपासून तू डाव्या हाताचाच धोशा लावलास. सरळ ठोसा विसरलास, पाय विसरलास. तो तुझ्या उजव्या डोळ्यावर मारत राहिला आणि तू हूक शोधत राहिलास. सातव्या फेरीनंतर स्टुलावर बसून म्हणालास, "वस्ताद, एकदा हूक बसू द्या, तोही पडेल. तो पडला होता तसाच."

आणि मी मान हलवली. "हो," म्हणालो. "बसेल."

रिंगणात फेकून सामना थांबवायचा तो टॉवेल माझ्या खांद्यावर होता. आणखी दोन फेऱ्या गेल्या.

डॉक्टरांनी डोळा गेल्याचं सांगितलं तेव्हा तू मला म्हणालास, "वस्ताद, तुमचं तोंड का उतरलंय? एक पट्टा तर आणला ना आपण?" तेव्हा सांगायचं होतं. मग तू तालीम सोडलीस तेव्हा. मग आईच्या मयतीला तरी. तिथे तुला माकड म्हणालो. खरं तर मला तिथून पळायचं होतं, कारण तिने आपल्या माशांच्या टोपलीच्या झाकणावर चिकटवलेला तो फोटो लोकांनी तिच्या तसबिरीशेजारी ठेवला होता.

बॉक्सिंग का पडलं म्हणून विचारतोस. असले आचारी त्या काळात आणखी किती शहरांत उभे केले गेले, देव जाणे. काही पकडले गेले, पेपरात आलं. आपलं आलं नाही. पण लोक खुळे नसतात. एकदा फसतात, दुसऱ्यांदा घरी बसतात, तिसऱ्यांदा बेसबॉलला जातात. बेसबॉलने आमची माणसं पळवली नाहीत, आम्हीच हाकलली. तुझ्या पिंजऱ्यात माणूस खाली पडला तरी सामना थांबत नाही, म्हणून बघणाऱ्याला ते खरं वाटतं. आमच्याकडे माणूस पडला की लोक एकमेकांकडे बघायला लागले होते. तिथेच संपलं सगळं.

तो फोटो उतरव. मी स्वतः येऊन पोरांना खरी गोष्ट सांगतो, नाव घेऊन, माझं नाव घेऊन. गुडघ्यांचं मागच्या वेळी खोटं सांगितलं होतं, तीन मजले चढता येतात मला. आणि पोरांकडून ते शंभर हूक मारून घेऊ नकोस. त्यांच्यातला कोणीतरी उद्या एखाद्या खऱ्या माणसासमोर उभा राहील.

क्षमा माग म्हणालास तर गुडघे टेकून मागेन. नको म्हणालास तर तेही बरोबर आहे. पण उत्तर दे.

तुझ्या डोळ्याचा गुन्हेगार,
सोक मानसू

*

चांगवोन
६ नोव्हेंबर २०१२

वस्ताद,

नमस्कार. पत्र मिळालं. एका डोळ्याने वाचायला वेळ लागतो, म्हणून उत्तराला उशीर.

रविवारी उद्घाटन झालं. फोटो लावला. दारातून आत पाऊल टाकलं की तोच दिसतो.

फीत नगरसेवकांनी कापली. त्यांनी विचारलं, पत्रिकेत नाव आहे ते वस्ताद कुठे आहेत? मी म्हणालो, मागच्या महिन्यात गेले. सगळे उठून उभे राहिले, एक मिनिट कोणी बोललं नाही. पोरांनी तुमचा जुना फोटो शोधून काढला, त्याला काळी फीत लावली आणि माझ्या फोटोशेजारी टांगला. मी अडवलं नाही. म्योंगजाला खरं माहीत आहे. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.

तुम्ही लिहिलंत ते खरं असणार. तुमचा हात असल्या बाबतीत चुकत नाही. तो माणूस कोण होता, ते तुमचं आणि थाकचं. त्याला पाडायला जो हात फिरला तो माझा होता, त्या हातामागे आठ वर्षं होती, रोज पहाटे पळत चढलेला डोंगर होता, आईचे बूट होते. एक डोळा गेल्यावर माझ्याकडे तेवढंच उरलं. ते मी तुम्हाला परत देणार नाही. तुमच्यासाठी नाही आणि खऱ्यासाठीही नाही.

एक विचारतो, उत्तर नको. ओसाकाच्या विमानात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला होतात. दीड तास होता. अठ्ठावीस वर्षांनी सांगितलंत, ते माझ्यासाठी की तुमच्या छातीवरचं ओझं उतरावं म्हणून? आता तुम्ही हलके झालात. मी रोज सकाळी कुलूप उघडतो आणि समोर तो आचारी पडताना बघतो.

आई हे न ऐकता गेली, याचं बरं वाटतं. असं वाटायला लावलंत म्हणून तुम्हाला माफ करत नाही.

हूक शिकवणं मी बंद केलंय. पोरांना सांगितलं, माझा खांदा दुखतो.

यापुढे पत्र लिहू नका. इथे सगळ्यांना माहीत आहे की तुम्ही वारलात, आणि लोकांनी तुम्हाला मान दिला आहे. तो मान तसाच राहू द्या. माझाही राहू द्या.

प्यो ग्वांगसिक
पूर्व समुद्र फ्लायवेट विजेता, १९८४